मंगोलियाचा भटका वंद्य, शिंदखेड्याचा ठेलारी निंद्य?

काही वर्षांपासून परदेशी सहलींच्या जाहिरातींत एका नव्या देशाचे नाव दिसू लागले आहे. युरोप पाहून झाला, सिंगापूर-बँकॉक पाहून झाले, आता मंगोलिया! क्षितिजापर्यंत पसरलेले गवताळ माळ, त्यांवर बुरणुसाचे पांढरे गोल तंबू, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा पेला पुढे करणारा यजमान, रात्री शामानाचा ढोल; आणि या साऱ्या मालावर 'भटक्यांचे प्राचीन अध्यात्म' असा शिक्का. सुखवस्तू माणसाला आपल्या चार भिंतींचा कंटाळा आला की दुसऱ्याचे भटकेपण पवित्र वाटू लागते, यात नवल नाही. नवल आहे ते विस्मरणाचे. 'मुघल' हे 'मंगोल' या शब्दाचेच फारसी रूप, आणि त्यावरून आलेल्या 'मोगलाई'चा मराठीतला एक अर्थ अंदाधुंदी. १६०१ साली अशीरगड पडला, अकबराने खानदेशाला शाहजादा दानियलच्या नावावरून 'दानदेश' म्हणावयास लावले. तेव्हापासून या मुलखाला त्या शब्दाची चांगली ओळख आहे. ज्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या बेबंदशाही सांगितली, त्याच नावाने आता मनःशांती विकली जात आहे!

मंगोल मेंढपाळाविषयी आदर बाळगण्यात गैर काहीच नाही. प्रश्न इतकाच की, तो आदर शिंदखेडा तालुक्यातल्या ठेलाऱ्याच्या वाट्याला का येत नाही? ठेलारीही मेंढपाळच. शिंदखेडा, साक्री या तालुक्यांत त्याच्या वस्त्या आहेत, आणि सरकारी कागदावर त्याची नोंद भटक्या जमातींत आहे. पावसाळा सरला की तो बिऱ्हाड उचलून निघतो. शेते मोकळी झाली की शेतकरी त्याच्या मेंढ्या रात्री शेतात बसवून घेतो, कारण लेंडीखताची सर पोत्यातल्या खताला नाही. वाघर लावलेली आहे, कोकरे झाकली आहेत, चुलीवर भाकरी चालली आहे, हे दृश्य गोबीच्या काठावर असते तर त्याची रंगीत छायाचित्रे निघाली असती. शिंदखेडा-दोंडाईचा रस्त्यावर तोच कळप मोटारीला आडवा आला की मोटारीतला सुशिक्षित गृहस्थ काच खाली करून शिवी देतो. उलानबातरला जाऊन आलेला गृहस्थही तीच शिवी देतो.

या विसंगतीला दांभिकता म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण तिच्यामागे एक वैचारिक घोटाळाही आहे. भटकेपण ही मनाची अवस्था आहे असे या मंडळींनी गृहीत धरले आहे. वस्तुतः ती उत्पादनाची पद्धत आहे. जेथे पाऊस थोडा व बेभरवशाचा, तेथे एकाच जागी कळप ठेवला तर गवत आणि जनावर दोन्ही मरतात. म्हणून कळप हलवावा लागतो, आणि कळप हलावयाचा तर कुरण कुणा एकाच्या मालकीचे असून चालत नाही. मंगोलियातला 'ओवो' घ्या. खिंडीत, टेकडीच्या माथ्यावर रचलेली ही दगडांची रास. वाटसरू तिला तीन उजव्या प्रदक्षिणा घालतो, एक दगड टाकतो, निळे वस्त्र बांधतो. सहलीचा मार्गदर्शक याला निसर्गपूजा म्हणतो आणि मंडळी भारावतात. पण या श्रद्धेचा व्यवहारी अर्थ पाहा: या जागेचा धनी देव आहे, म्हणजेच कोणी माणूस नाही. आपल्याकडील धनगरी दैवतांचे गाढे अभ्यासक, जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा माळरानांशी आणि मेंढपाळांच्या वाटांशी किती घट्ट बांधलेल्या आहेत हे दाखवून दिले. दामोदर कोसंबी तर त्या वाटांवरून स्वतः हिंडले आणि तेथील दगडी हत्यारांच्या आधारे त्यांचा माग प्रागैतिहासिक काळापर्यंत नेला. वाट बुजली, माळ गेला, की उरलेला शेंदूर लावलेला दगड म्हणजे अध्यात्म नव्हे. ती थडग्याची खूण होय.

मंगोलियाचा इतिहास या दृष्टीने वाचावयास हवा. चंगीझखानाची १२०६ ची कुरुलताई आणि त्याच्या घोडदौडी सर्वांना पाठ असतात. पण मंगोल मेंढपाळाची खरी कहाणी त्यानंतरची आहे. १५७८ मध्ये अलतान खानाने तिबेटी धर्मगुरूला 'दलाई लामा' ही पदवी दिली आणि बौद्ध धर्माचा तेथे नव्याने प्रसार झाला. करुणेचा हा धर्म पाहता पाहता मोठा जमीनदार झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी पशुधनाचा फार मोठा हिस्सा मठांच्या मालकीचा होता, आणि पुरुषांतले, काही अंदाजांप्रमाणे, एक तृतीयांश लामा होते. दुसऱ्या बाजूला चिनी व्यापारी पेढ्या. सरदाराने चैनीसाठी काढलेले कर्ज त्याच्या मुलखातल्या रयतेने फेडावयाचे आणि व्याजापोटी मेंढ्या-घोडी हाकून द्यावयाची, अशी ती व्यवस्था. दख्खनच्या ज्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यांना ती ओळखीची वाटली असती. १९२१ ची मंगोल क्रांती या पिळवणुकीतून निघाली. केवळ मॉस्कोच्या इशाऱ्यावरून नव्हे.

त्यानंतर जे घडले ते समाजवाद्यांनी डोळे उघडे ठेवून वाचलेच पाहिजे. १९२९ पासून सक्तीचे सामुदायिकीकरण सुरू झाले. मेंढपाळांनी जनावरे सरकारात जमा करण्याऐवजी कापून टाकली, तीन वर्षांत देशातील सुमारे एक तृतीयांश पशुधन नष्ट झाले आणि १९३२ मध्ये उठाव झाला. धोरण काही काळ सैल करण्यात आले. परंतु लामांचा निःपात करा हा स्टालिनचा आग्रह कायम होता. पंतप्रधान गेंडेन यांनी त्याला विरोध केला. ते १९३६ मध्ये पदावरून गेले आणि १९३७ मध्ये मॉस्कोत त्यांना गोळी घालण्यात आली. पुढच्या दोनेक वर्षांत चोयबाल्सानच्या राजवटीने जेमतेम सात-आठ लाख वस्तीच्या देशात वीस हजारांहून अधिक माणसे मारली. त्यांतले बहुसंख्य लामा होते. शेकडो मठ जमीनदोस्त झाले. मठांची मिरास मोडणे आवश्यक होते, म्हणून हे अपरिहार्य होते, असे सांगणारे पंडित आपल्याकडेही होऊन गेले. मिरास मोडणे वेगळे आणि माणसे मोडणे वेगळे, हा फरक गेंडेनना कळला होता. समाजवादाच्या इतिहासात त्यांचे नाव चोयबाल्सानच्या आधी घेतले पाहिजे. प्रत्यक्षात ते कोणाच्या ओठांवरही नाही.

मात्र याच इतिहासाचे पुढचे पान उजव्या मंडळींना गैरसोयीचे आहे. १९५० च्या दशकाअखेरीस उभ्या राहिलेल्या 'नेगदेल' या सहकारी संघांनी कळप हलवण्याची पद्धत मोडली नाही. तिच्यामागे पशुवैद्य, विहिरी, चाऱ्याचा राखीव साठा, मुलांसाठी निवासी शाळा आणि म्हाताऱ्या मेंढपाळाला निवृत्तिवेतन उभे केले. त्यांत नोकरशाहीचा जाच होता, पूजेअर्चेला बंदी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९० मध्ये मंगोल जनतेने रक्त न सांडता एकपक्षीय राजवट संपविली, ही अभिनंदनीय गोष्ट. पण त्यापाठोपाठ जागतिक वित्तसंस्थांच्या सल्ल्याने संघ मोडून जनावरे वाटून टाकली गेली आणि पशुवैद्य, विहिरी, चारासाठे सारेच वाऱ्यावर गेले. कारखाने बंद पडल्याने शहरातले बेकार माळावर आले. काश्मिरी लोकरीच्या बाजारासाठी शेळ्यांची संख्या बेसुमार वाढली. मग हिवाळा कडक पडला की 'झुद' येतो, म्हणजे बर्फाखाली गवत गाडले जाऊन जनावरे उपासमारीने मरतात. झुद पूर्वीही येत असे. पण १९९९ ते २००२ मध्ये सुमारे एक कोटी, २००९-१० च्या एकाच हिवाळ्यात पुन्हा तितकीच, आणि २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून अधिक जनावरे मेली, याला केवळ आकाशातला बाप जबाबदार नाही. कळप गमावलेली कुटुंबे उलानबातरच्या कडेला तेच बुरणुसाचे तंबू ठोकतात आणि कोळशाच्या धुरात खोकत राहतात. शहराबाहेर २००८ पासून चंगीझखानाचा चाळीस मीटर उंच पोलादी पुतळा चमकतो आहे. पर्यटक तो पाहतात.

एवढ्या पडझडीतही मंगोल जनतेने एक गोष्ट हातची सोडली नाही. १९९२ च्या राज्यघटनेत जमीन खासगी मालकीत देण्याची तरतूद झाली, पण कुरणे तिच्यातून वगळली गेली. गोबीतील तांब्या-कोळशाच्या खाणी त्या तरतुदीला आज पोखरीत आहेत, हा भाग अलाहिदा. तथापि कुरण ही कोणाची खासगी मत्ता नव्हे, असे घटनेत लिहून ठेवणारा देश हा त्याच्या ढोल-शामानांपेक्षा अधिक अभ्यसनीय आहे.

आपल्या राज्यकर्त्यांना मंगोलियाचे प्रेम आहे, ते निराळ्या जातीचे. २०१५ मध्ये पंतप्रधान तेथे गेले, त्यांना बुद्धाच्या घोड्याचे 'कंथक' हे नाव दिलेला एक घोडा भेट मिळाला. जून २०२२ मध्ये कपिलवस्तूचे पवित्र अवशेष केंद्रीय मंत्र्यांच्या देखरेखीखाली उलानबातरच्या गंदन मठात दर्शनासाठी नेण्यात आले. दोन देशांचे नाते दृढ व्हावे हे योग्यच. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात मंगोलियाला प्रवेश मिळावा म्हणून भारताने आवाज उठविला होता, तेव्हाही ते दृढच होते. पण मंगोलियात परंपरा अशी की, माळावरून आलेल्या अनोळखी वाटसरूला तंबूत घ्यावयाचे, चहा द्यावयाचा, चौकशी नंतर. आणि आपल्याकडे? १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाड्याला, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. नाथांचे नाव घेत गावोगाव फिरणे हे त्यांचे अध्यात्मही होते आणि पोटही. भटकंतीची आध्यात्मिक परंपरा पाहण्यासाठी उलानबातरचे तिकीट काढावयाची गरज कोणाला नव्हती.

अफवेने मारले, हे अर्धेच सत्य आहे. भटका म्हणजे संशयित, हे आधीच ठरलेले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ते ठरविले आणि १९५२ मध्ये तो रद्द होऊनही मनातून गेला नाही. त्याच्याही आधी मोजणीची साखळी आली. १८५२ मध्ये खानदेशात सावदा, फैजपूर भागातल्या शेतकऱ्यांनी त्या मोजणीविरुद्ध दंगा केला, याचा अभिमान सांगितला जातो. पण त्याच मोजणीने माळाला 'पडीक' म्हटले, ही गोष्ट कुणाला सलत नाही. ज्यावर शेकडो कळप जगतात तो माळ पडीक कसा? हा शब्द आजही चालू आहे. सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी व गायरान जमिनी शोधल्या जातात, त्या याच सदराखाली. सौर वीज हवी, यात दुमत नाही. परंतु शिंदखेडा तालुक्याला या बाबतीत शिकवणीची गरज नाही. सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या विखरणच्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि सहा दिवसांनी प्राण सोडला. त्याच्यापाशी निदान सातबारा होता. ठेलाऱ्यापाशी तोही नाही. त्याचे कुरण गेले तर मोबदला मागावयाला लागणारा कागदच अस्तित्वात नाही.

मेंढ्या जंगल खातात, असे वनखाते म्हणते. कोवळ्या रोपवनात कळप शिरला तर नुकसान होते, हे खरे. पण पावसाळ्यात सारी शेते पेरलेली असताना आणि गायराने आक्रसलेली असताना कळप उभा कोठे करावयाचा, याचे उत्तर वनखात्याजवळ नाही. त्याच्याजवळ पावतीपुस्तक आहे. दुसरा आक्षेप आपल्याच घरातला व अधिक अवघड: गायरानावर भूमिहीन दलितांनी कसलेल्या जमिनीचे काय? त्या जमिनी मेंढपाळासाठी काढून घ्याव्या, असे कोणीही समाजवादी म्हणणार नाही. भांडण भूमिहीन आणि मेंढपाळ यांच्यात नाही. दोघांना एका तुकड्यावर झुंजत ठेवून उरलेला माळ ज्यांच्या घशात जातो त्यांच्याशी आहे. तरी दर वेळी हा प्रश्न निघाला की शेतकरी आणि कामगार या दोन शब्दांपुढे चळवळीची जीभ अडते, हे कबूल केले पाहिजे.

कायदा नाही, अशी सबब सांगता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थायिक व फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा देण्याची अट जाचक आहे आणि ती बदलण्यासाठी लढावे लागेल. पण नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून धरले आहे, आणि भटक्यांच्या दाव्यांची पडताळणी ते हजर असतील अशा वेळीच करावी असेही बजावले आहे. धुळे-नंदुरबारच्या आदिवासींनी या कायद्याखाली दावे कसे लढवावयाचे ते शिकून घेतले आहे. ती विद्या ठेलाऱ्याच्या वाड्यापर्यंत न्यावयास कोणाच्या परवानगीची जरुरी नाही. कळप पावसाळ्यात घराजवळ असतात, दिवाळीनंतर ते पांगतात, आणि मधल्या काळात १५ ऑगस्टची ग्रामसभा येते. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी तोपर्यंत म्हाताऱ्या मेंढपाळांकडून चराईच्या वाटा, पाणवठे आणि मुक्काम गावनिहाय लिहून घ्यावेत. ज्यांना त्या वाटा पाठ आहेत अशी माणसे आता फार उरलेली नाहीत.