जुन्या मोटारीचा घास

आपल्या घरी कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अँबॅसडर अद्याप जपून ठेवली असेल, तर तिच्या कुरबुरी आपल्या परिचयाच्या असतील. मोटार अडली की पुष्कळजण प्रथम कार्ब्युरेटर खोलावयास घेतात. वस्तुतः पेट्रोलच्या प्रवासातील ते शेवटचे ठाणे होय. तेथवर पोचण्यापूर्वीची वाट आधी तपासावी.

इंजिनास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल लागते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथील हवा विरळ असते. पेट्रोल मात्र त्या मानाने कमी होत नाही. म्हणून मुंबईस उत्तम चालणारी मोटार बंगळुरात पेट्रोल अधिक खाते व तिच्या प्लगवर काजळी धरते.

याच शहरी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण उलट पातळ होते. बंगळुरात या दोन ओढींचा अंशतः मेळ बसतो. पण घाट उतरून मंगळुरास गेल्यावर उंचीचा आधार सुटतो. मग कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो, ओढ कमी पडते, इंजिन तापते. अशा वेळी प्लग पाहावा : टोक काळे असल्यास पेट्रोल जास्त, पांढरेफटक असल्यास कमी, फिकट तपकिरी असल्यास प्रमाण योग्य.

इथेनॉलचे आणखी तीन गुण ध्यानात ठेवावेत. ते टाकीतील जुना चिकटा सोडविते व तो गाळ पुढे जेटमध्ये अडकतो. ते ओलावा शोषते. पाणी फार झाल्यास पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. शिवाय जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्याने फुगून तडकतात.

तेव्हा तपासणीचा क्रम असा ठेवावा. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन पाणी व गाळ पाहावा. नंतर गाळणी, मग पंप. इंजिनच्या तेलास पेट्रोलचा वास आल्यास पंपाचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा. शेवटी कार्ब्युरेटर उघडून फ्लोट हलवून पाहावा; आत पेट्रोल खळखळल्यास त्यास छिद्र आहे. जेट हवेच्या फुंकरीनेच साफ करावा. तारेने पितळ खरवडून छिद्र मोठे होते आणि प्रमाण कायमचे बिघडते.

उन्हाळ्यात वाहनांच्या गर्दीत खोळंबलेली मोटार बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल, तर पेट्रोलची नळीत वाफ झालेली असण्याचा संभव असतो. झाकण उघडून इंजिन निवू द्यावे. पंपावर ओले फडके ठेवल्यास लवकर गुण येतो.

एका बाबतीत मात्र विलंब नको. फ्लोटची सुई अडकली किंवा नळी तडकली, तर पेट्रोल तापलेल्या धुराच्या नळावर ठिबकून आग लागू शकते. पेट्रोलचा वास येताच मोटार थांबवून इंजिन बंद करावे व मुलाबाळांना दूर उभे करावे. तपासणी उघड्यावर, इंजिन थंड असता, बॅटरीची तार सोडवूनच करावी. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्याच मागून घ्याव्यात. जुनी मोटार पुष्कळ सहन करते. पेट्रोलची गळती मात्र आपण सहन करू नये.