रक्ताचा हिशेब



“आमचं रक्तच वेगळं” असे कोणी ऐकवले, तर त्याला पुरावा मागावा. रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने तो खरोखरच तपासला.

१९२९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या लेवॉन्टिन यांनी आधी अभ्यासली फळांवर घोंघावणारी चिमुकली माशी. १९६६ साली शिकागोत जॉन हबी यांच्यासोबत त्यांनी माश्यांमधील प्रथिने जेलीसारख्या थरात ठेवून वीज सोडली. वेगळे प्रथिन वेगळ्या वेगाने सरकते. दिसायला सारख्या माश्यांत आतून भरपूर फरक निघाला.

मग ते माणसाकडे वळले. १९७२ साली त्यांनी जगभरच्या लोकांचे रक्तगट व रक्तातील प्रथिने यांची माहिती घेऊन हिशेब मांडला. माणसांतला सगळा आनुवंशिक फरक एक रुपया धरला, तर ८५ पैसे एकाच लोकसमूहातल्या माणसामाणसांत. एका वंशातल्या निरनिराळ्या समूहांत सुमारे ८ पैसे. आणि ज्या वंशभेदाच्या नावाखाली काळ्यांना गुलाम केले, त्याच्या वाट्याला जेमतेम ६ पैसे!

२००३ साली एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने आक्षेप घेतला, की अनेक जनुके एकत्र पाहिली तर माणसाचे पूर्वज कुठले ते ओळखता येते. ते खरेच आहे. पण पूर्वजांचा पत्ता लागला म्हणून कोणी उच्च वा नीच ठरत नाही.

लेवॉन्टिन २०२१ साली गेले. मुलांनी विचारले, तर रुपयाचे नाणे हातावर ठेवून हा हिशेब त्यांना जरूर समजावून सांगा.