मोहाची दारू : वारसा नेमका कोणाचा?

१/ इंग्लंडमध्ये गावोगावच्या पबांत स्थानिक एलची चव घेत हिंडणे हा इतिहासप्रेमींचा प्रतिष्ठित छंद आहे. आपल्याकडे आता मोहाच्या दारूला ‘वारसा’ म्हटले जाते. मागणी रास्त आहे. इतिहास मात्र अर्धाच सांगितला जातो.

२/ तो अर्धा असा : १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारी परवान्याखाली गेला. देवापितरांना मोहाची धार वाहणारा आदिवासी घरी गाळू लागला की गुन्हेगार आणि दुकानात गेला की गिऱ्हाईक ठरला.

३/ उरलेला अर्धा नंदुरबारमध्येच आहे. १९३० च्या दशकात तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी दारूत्यागाचा उपदेश केला. पुढे १९७० च्या दशकात, लोणखेड्याशेजारच्या शहादा परिसरात, श्रमिक संघटनेच्या चळवळीतील भिल्ल स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. कष्टाची मजुरी दारूत जात होती आणि मार त्यांच्या वाट्याला येत होता.

४/ म्हणून माझे मत : मोहाला प्रतिष्ठा जरूर द्यावी; पण गाळण्याचा हक्क आणि नफा फुले वेचणाऱ्या हातांकडे राहावा, आणि परवाना देण्याआधी गावातील स्त्रियांना विचारावे. फुटलेली मडकीही वारसाच आहेत.