मावशीला टाळ्या, पोराला टाळं

मला ड्रॅग शो बघायला आवडतं. शनिवारी रात्री अकरानंतर मुंबईतल्या एखाद्या क्लबात कानठळ्या बसवणारं गाणं चालू असतं. सहा फुटी पुरुष चमचमता झगा आणि उंच टाचा घालून डौलात टेबलाशी येतो आणि माझ्या शर्टाची भर सभेत अब्रू काढतो. त्या वेळी जे सुख होतं ते मला आजवर कुठल्या व्याख्यानमालेनं दिलेलं नाही. यात प्रबोधन नाही, संशोधन नाही, सहानुभूती तर नाहीच नाही. मजा येते, म्हणून पदरचे पैसे मोजून जातो.

एवढं आमच्या नांदेडकडच्या हिमायतनगरात बोललं की समोरचा माणूस हातातली बशी खाली ठेवतो. आमचे एक काका आहेत, निवृत्त मास्तर, पंचक्रोशीत शब्दाला मान. ते म्हणाले, "बाप्यानं बाई व्हायचं, अन् तुमी पैसे दिऊन बघूलालाव? आपल्यात असलं नसतं बाबा."

आपल्यात असलं नसतं! याच काकांच्या मांडीवर बसून मी माळेगावच्या यात्रेत पहिला तमाशा पाहिला. मार्गशीर्षातली थंडी, खंडोबाचा भंडारा, पलीकडे घोड्या-गाढवांचा बाजार आणि कनातीच्या आत धुरळा. गण झाला, गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या. त्यांच्या म्होरं पदर खोचून, कमरेत मोडत जी मावशी आली, तिच्या गालावरच्या पावडरीतून दाढीची निळी झाक दिसत होती. मावशी बाईनं करायची नसतेच. गौळणीतली मावशी पुरुषानंच करायची, ही तमाशाची रीत आहे. ती पेंद्याला झापते, साक्षात कृष्णाशी दोन अर्थांनी बोलते आणि पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेल्या पुढाऱ्याला असं काही विचारते की त्याच्या घरचे चार दिवस हसतात. काका हसून हसून डोळे पुसत होते. मावशीच्या नावानं त्यांनी नोटही पाठवली. कितीची ते सांगत नाही, काकू अजून हयात आहेत.

क्लबातली ड्रॅग राणी आणि फडातली मावशी यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. दोघींचं हत्यार एकच, जीभ. पाय, कंबर, डोळे हे सगळं त्या जिभेच्या सोबतीला. मुंबईत एका कलाकाराची तयारी मी जवळून पाहिली. पोरगा लातूरकडचा, दिवसा कॉल सेंटरात. शाळेतली पोरं कागद चिकटवायला वापरतात ती गोंदाची कांडी तो भुवयांवर घासतो. केस चपटे बसले की त्यावर पावडर, पुन्हा गोंद, पुन्हा पावडर, असं करत करत भुवई नाहीशी होते आणि तिच्या वर अर्धा बोट उंच नवी भुवई उगवते. गादीवाल्याकडून आणलेला फोम कापून कुल्ल्यांना आणि मांड्यांना लावायचा, त्यावर एकावर एक लांब मोजे चढवायचे, म्हणजे कडा दिसत नाहीत. हे चालू असताना त्याला आईचा फोन आला. जेवलास का, असं ती विचारत होती. अर्धा चेहरा पुरुषाचा आणि अर्धा राणीचा अशा अवस्थेत त्यानं तिला भाजी कुठली होती तेही सांगितलं. मग चाळ बांधले. हो, चाळच, पितळी घुंगरांचे. पहिलं गाणं इंग्रजी होतं, दुसरी लावणी. इंग्रजी गाण्याला लोक टाळ्या वाजवत होते, लावणीला खुर्च्यांवर उभे राहिले.

आता 'आपल्यात नसतं' म्हणणाऱ्यांनी जरा बसून घ्यावं. पैठणच्या एकनाथांनी भारुडात बाईच्या तोंडून सासऱ्या-नवऱ्याचा उद्धार केला, आणि ते भारूड गावोगाव लुगडं नेसून उभं केलं ते पुरुषांनी. भारतीय सिनेमाची पहिली नायिका अण्णा साळुंके नावाचा बाप्या होता. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली त्यानं तारामती केली आणि १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९११ साली 'मानापमान'मध्ये भामिनी म्हणून उभे राहिले आणि घरंदाज बायका त्यांची नेसण, त्यांचा गजरा उचलू लागल्या. सरकारनं त्यांना १९६४ साली पद्मभूषण दिलं, पुण्यात १९६८ साली त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं. त्या रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन भव्य चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, दुसरं स्त्रीवेशातलं. महाराष्ट्राच्या सर्वांत मानाच्या नाट्यगृहात साडीतला पुरुष भिंतीवर आहे आणि त्याच्याखालून मंत्री हार घेऊन जातात. मराठीत या कामाला 'स्त्रीपार्ट' असं मस्त नाव आहे आणि आमच्या आजोबांची पिढी ते नाव जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखं घ्यायची.

मग बिनसतं कुठे? माझं म्हणणं असं, की मराठी माणसाला साडीतला पुरुष चालतो. त्यासाठी त्यानं दोनपैकी एक होऊन दाखवावं लागतं. एक तर गंधर्व व्हा, म्हणजे तुमच्या साडीला 'कलेची साधना' म्हणून धूप-आरती होईल. नाही तर तमाशातला नाच्या व्हा. गणपत पाटलांनी सिनेमात आणि रंगभूमीवर नाच्या इतका अस्सल उभा केला, की लग्नाबायकोच्या, लेकराबाळांच्या या माणसाकडे लोक आयुष्यभर संशयानं बघत राहिले. २००८ साली ते गेले. दोनच वर्षांत 'नटरंग' आला, पैलवान गुणाचा नाच्या होतो आणि त्याची धूळधाण होते हे बघून अख्खा महाराष्ट्र थेटरात रडला. नाच्या रडवत असेल तर चालतो. हसवत असेल, आणि हसणं त्याच्यावरच असेल, तर फारच चालतो.

तिसरा प्रकार आम्हांला झेपत नाही. शनिवारी रात्री हौसेनं नटून नाचणारा, रविवारी सकाळी निवांत पोहे खाणारा, कुणा पुरुषाच्या प्रेमात असलेला आणि या सगळ्याबद्दल तिळमात्र वाईट न वाटणारा माणूस. तो समोर आला की संस्कृतीला घाम फुटतो.

हे मी लांबून सांगत नाही. मी स्वतः पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष आहे. हे वाक्य लेखाच्या पोटात घातलं, कारण पहिल्याच ओळीत घातलं असतं तर निम्म्यांनी पान उलटलं असतं आणि उरलेल्या निम्म्यांनी माझी कीव केली असती.

आमच्याकडे एका लग्नाच्या वरातीत संस्कृतीला असा घाम फुटताना मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. डीजेपुढं बाप्येच बाप्ये, एकमेकांच्या गळ्यात हात घालून, एक नागीण तर दुसरा पुंगीवाला, शर्ट घामानं चिंब. यात कुणाला काही वावगं दिसत नाही. एका पोरानं बहिणीची ओढणी डोक्यावर घेतली आणि असा काही ठेका धरला की वरात जागची हलेना. नवरदेवाच्या मामानं त्याच्यावरून नोटा ओवाळल्या, बायका ओट्यावरून वाकून बघायला लागल्या. त्याचा बापही हसत होता. मग डीजे बंद झाला. ओढणी मात्र पोरानं काढली नाही. जेवणाच्या पंगतीतही ती खांद्यावर होती, आणि त्याचा चेहरा असा खुललेला की लपवू म्हणता लपेना. बापानं त्याला मांडवामागं नेऊन बडवलं. नाचल्याबद्दल नव्हे, नाच संपल्यावरही सुखात राहिल्याबद्दल. तो पोरगा आता हैदराबादला कापडाच्या दुकानात आहे. गावाकडं येत नाही.

आणि ही जी 'आपली' संस्कृती म्हणून काठी उगारतात, तिची मुळं तरी बघा. इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायला सांगितली. नोंद झालेला रस्त्यात बाईच्या वेशात दिसला, किंवा पैसे घेऊन लोकांपुढं नाचला, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. त्याच धर्तीवर निजामाच्या राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली, खास कायदा झाला. तेव्हा नांदेड निजामाचंच होतं. हैदराबाद संस्थान गेलं, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, तिकडे तेलंगणात मात्र तो कायदा कागदावर जिवंत राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवून मोडीत काढला तो थेट २०२३च्या जुलैत. म्हणजे दरवर्षी १७ सप्टेंबरला आम्ही छाती फुगवून मुक्तिसंग्रामाचा झेंडा फडकवतो, निजामाला चार शिव्या हासडतो आणि संध्याकाळी ओढणी घेतलेल्या पोराला निजामाच्याच कलमाखाली मांडवामागं नेतो. रझाकार पळाले. त्यांच्या सरकारचा हवालदार तेवढा घरोघर ठेवून घेतला.

आता मुंबईकरांनी फार खूश व्हायचं कारण नाही.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची नांगी मोडली, त्याच्या आधीपासूनच पंचतारांकित हॉटेलांत ड्रॅगच्या रात्री रंगत होत्या. दिल्लीच्या ललित हॉटेलातल्या किटी सू क्लबात २०१७ साली अमेरिकेतल्या ड्रॅग राणी रुपॉलच्या टीव्ही स्पर्धेची विजेती व्हायोलेट चाचकी येऊन नाचून गेली. हॉटेलचे केशव सुरी स्वतः ३७७ विरुद्ध कोर्टात गेले, हे त्यांचं श्रेय कुणी नाकारू नये. आपली मुंबईची सुशांत दिवगीकर राणी कोहेनूर होऊन २०१८ साली 'सा रे ग म प'च्या मंचावर पुरुषाच्या आणि बाईच्या अशा दोन्ही आवाजांत गायली, घराघरात दिसली. उत्तम झालं. पण याच राज्यानं २००५ साली काय केलं होतं ते आठवा. गृहमंत्री आर. आर. पाटलांच्या पुढाकारानं डान्सबार बंदीचा कायदा झाला. बिअर बार आणि परमिट रूममधला नाच बंद. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट! नाच तोच, दारू तीच, नजर तीच. ताऱ्यांची संख्या वाढली की अश्लीलतेची कला होते, हे सौंदर्यशास्त्र विधिमंडळानं मांडलं. सुमारे ७५ हजार बारबालांची रोजीरोटी गेल्याचा आकडा कोर्टापुढं आला. उच्च न्यायालयानं २००६ला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ला हा भेदभाव फेटाळला, सरकार पुन्हा नवा कायदा घेऊन आलं आणि २०१९ साली कोर्टानं सांगितलं की नाचणारीच्या हातात बक्षिसी द्या, अंगावर नोटा उधळू नका. क्लबात राणीच्या पट्ट्यात पाचशेची नोट खोचणारा तो 'रसिक' आणि माळेगावात दौलतजादा करणारा शेतकरी 'बरबाद', हा निवाडा मात्र कुठल्या कोर्टानं अजून फिरवलेला नाही.

मी जातो त्या क्लबांचंही तसंच. एका ठिकाणी तर दारातच बघितलं. आत सगळे 'प्रेम हे प्रेम असतं' छापाचे बिल्ले लावून बसलेले आणि बाहेर सिग्नलला मागणाऱ्या दोघी हिजडा नटूनथटून, तिकिटाचे पैसे हातात घेऊन उभ्या. बाउन्सर म्हणाला, आज जागा नाही. माझ्यामागून आलेल्या चौघांना मिळाली. आत निवेदन अमेरिकन इंग्रजीत, नऊवारी येते ती महाराष्ट्र दिनाला, सजावट म्हणून. रुपॉलची जन्मकुंडली ज्यांना पाठ आहे, त्यांना गणपत पाटील हे कुणा नगरसेवकाचं नाव वाटतं. एक तिकीट आणि दोन बिअर यांत हिमायतनगरच्या सालगड्याचा आठवडा निघतो. मावशीच्या खानदानातली ही पोर, आणि घरात मावशीचा फोटो लावायची लाज!

तिसरी जमात पत्रकारांची. यांना आमची फक्त 'व्यथा' हवी असते. मुलाखतीत दोनदा रडलं की मथळा होतो. काल रात्री फार मजा आली असं सांगितलं, तर समोरचा पेनाचं झाकण लावतो. आमच्या आयुष्यात दुःख नाही असं नाही, पण ते काय तुमच्या रविवारच्या पुरवणीसाठी पिकवायचं? पोटभर हसायचा, घामाघूम होईपर्यंत नाचायचा आणि पहाटे टपरीवर अंडाभुर्जी खायचा हक्कही हक्कच असतो. नंदीग्राम एक्सप्रेसमधून हिमायतनगरहून जी पोरं मुंबईला उतरतात, त्यांतली काही पगारासाठी येतात आणि काही या एका रात्रीसाठी. मी दोन्हींसाठी आलो.

माझी मागणी साधी आहे. नांदेड जिल्हा परिषद माळेगावच्या यात्रेत लावणी महोत्सव भरवते. त्यातली एक रात्र लावणी करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथी कलावंतांची ठेवा. मानधन बायकांच्या फडाइतकंच, रोख. पत्रिकेवर नाव ठळक, 'विनोदी' असा शिक्का न मारता. मुंबईच्या क्लबवाल्यांनीही तो ताफा मग आपल्या मंचावर बोलवावा, आणि दारातल्या बाउन्सरला आधी नीट समजावून सांगावं. आणि हे जमत नसेल, साडीतल्या बाप्यानं खरंच संस्कृती बुडत असेल, तर गावच्या मंडळींनी माळेगावच्या फडातून मावशीलाही घालवून द्यावं. मग तिच्यावाचून गौळण तेवढी उभी करून दाखवावी.