कॉलेज संपून दहा वर्षं झाली. पुन्हा शिकायला जावं का?

माधवनगरमध्ये राहायचं, रोज कुपवाड एमआयडीसीत कामाला जायचं. बी.कॉम. होऊन दहा वर्षं झाली. हाताखाली शिकलेली पोरं आता एमबीए करून वरच्या पदावर बसलेली. अशा वेळी मनात येतंच, आपणही परत शिकावं का? आणि लगेच दुसरा प्रश्न, आता या वयात?

वयाची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. हिशेब मात्र आधी मांडावा लागतो.

जुनी पदवी चालते का?

चालते. पूर्ण झालेली पदवी शिळी होत नाही. राज्यात एमबीएसाठी खुल्या प्रवर्गाला पदवीला 50 टक्के आणि तीन वर्षांच्या एलएलबीला 45 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. दोन्हीकडे सीईटी द्यावी लागते, पण वयाची कमाल अट नाही.

शिक्षण अर्धवट सोडलेल्यांचं वेगळं आहे. 2021 पासून आलेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं वापरता येतात.

खरा खर्च कुठला?

फी डोळ्यांना दिसते, बुडालेला पगार दिसत नाही. समजा पगार 22,000 आहे. दोन वर्षं नोकरी सोडली तर 5,28,000 रुपये गेले. फी 2 लाख धरली तर एकूण 7,28,000. शिकून पगार 32,000 झाला, म्हणजे महिन्याला 10,000 वाढले, तरी ही रक्कम भरून निघायला सहा वर्षं लागतात. कर्ज काढलं तर व्याज वेगळं.

तिशीच्या आत असाल तर पुढे बरीच वर्षं हातात आहेत. 42 व्या वर्षी, घराचा हप्ता आणि मुलांची शाळा सुरू असताना, तेच गणित जड जातं.

नोकरी न सोडता?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली याच लोकांसाठी सुरू झालं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही दूरशिक्षणाची सोय आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं. मात्र संस्था आणि तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण यादीत आहे का, हे फी भरण्याआधी स्वतः बघा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी आणि कायदा दूरशिक्षणाने करता येत नाही. त्यासाठी कॉलेजात हजेरी लावावीच लागते.

सरकारी नोकरीसाठी शिकायचं असेल तर?

इथे वय आडवं येतं. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षांची मर्यादा आहे. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने 37 व्या वर्षी दोन वर्षांचा कोर्स धरला, तर पदवी मिळेल, अर्ज मात्र करता येणार नाही. म्हणून आधी जाहिरात वाचायची, मग प्रवेश घ्यायचा.

परत जाणारे आधीही होते

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी हातात होती. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. तेव्हा घर-संसार होता, पैशाची ओढाताण होती. पण काय शिकायचं, पैसे कुठून आणायचे आणि मुदत किती, हे तिन्ही ठरलेलं होतं.

मग करायचं काय?

जी नोकरी किंवा बढती हवी आहे, तिच्या जाहिरातीत नेमकी कोणती पदवी मागितली आहे ते बघा. तुमच्याच क्षेत्रात ती पदवी घेतलेल्या दोघातिघांना विचारा, पगार खरंच वाढला का? मग घरात बसून दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडा.

पदवीने पुढचं दार उघडत असेल तर वय आड आणू नका. नुसतं 'सगळे करतायत म्हणून' असेल, तर एखादा छोटा कोर्स आधी करून बघा. फक्त आवड म्हणून शिकायचं असेल, तर त्यात गैर काहीच नाही. तेवढ्यासाठी पगार मात्र सोडू नका.