दान नव्हे, देणें

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. आज त्या पाळण्याची दोरी मुख्यतः बियाण्यांच्या आणि पोलादाच्या कारखान्यांच्या हातीं आहे. भंगार वितळवावयाचें, त्याचे ठोकळे ओतावयाचे आणि ते तापवून, रुळांतून दाबून सळया काढावयाच्या, हा येथील मोठा धंदा. महाराष्ट्रांतील कितीतरी सुखवस्तु घरांच्या छतांना याच सळयांचा आधार आहे. परंतु हें काम आगीशीं खेळण्याचें आहे. भंगारांत एखादा बंद डबा अगर नुसता ओलावा राहिला, तरी वितळलेल्या रसांत पडतांच त्याचा स्फोट होऊं शकतो. २०२४ च्या ऑगस्टांत जालन्याच्या एका पोलाद-कारखान्यांत स्फोट होऊन वितळलेलें लोखंड कामगारांच्या अंगावर उडालें आणि वीसच्या आसपास माणसें भाजून निघालीं.

अशा प्रसंगानंतर वृत्तपत्रांत आणि आमच्या दिवाणखान्यांतील गप्पांत एक शब्द हटकून ऐकूं येतो. तो शब्द 'मदत'. मालकानें मदत दिली, सरकारनें मदत जाहीर केली, कुटुंबाला अमुक इतकी मदत मिळाली. आमचें भांडण या शब्दाशीं आहे. मदत करणारा उदार ठरतो आणि घेणारा मिंधा होतो. ती किती द्यावी, केव्हां द्यावी, द्यावी कीं न द्यावी, हें सर्व देणाराच्या मर्जीवर. वाण्याची उधारी फेडणाराला आपण दाता म्हणत नाहीं. आम्हां शिक्षकमंडळींच्या निवृत्तिवेतनाला कोणीं 'सरकारी मदत' म्हटलें, तर आमच्यांतील मवाळांतला मवाळ गृहस्थहि संतापून उठेल. मग मजुराच्या हक्काच्या पैशालाच भिक्षेचें नांव कां?

हा हक्क परक्या देशांतून आणून आमच्यावर लादला, असेंहि कोणी समजूं नये. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेवला. रविवारची सुटी आणि दुपारची विश्रांति यांबरोबर त्यांत स्पष्ट मागणी होती कीं, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झालेल्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. त्याच वर्षीं जर्मनींत बिस्मार्कच्या राजवटींत अपघात-विम्याचा कायदा झाला. चूक कोणाची हें न विचारतां भरपाई द्यावी, हें तत्त्व इंग्लंडच्या पार्लमेंटानें मान्य करावयास १८९७ साल उजाडावें लागलें. ब्रिटिश हिंदुस्थानांत तर कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला, आणि जालना त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. म्हणजे मुंबईच्या गिरणगांवानें जें मागितलें, तें शहाण्या राज्यकर्त्यांना पुढें चाळीस वर्षांनीं पटलें.

त्या कायद्याचें नांव २०१० सालीं बदललें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेंत गेल्या. गाभा मात्र तोच आहे, आणि हा गाभा म्हणजे दयाधर्म नसून निव्वळ अंकगणित आहे. तीस वर्षांचा मजूर कामावर मृत्यु पावला, तर त्याच्या मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला २०७.९८ नें गुणावयाचें. हिशेबांत धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्यें १५,००० रुपये करण्यांत आली. त्या आंकड्यानें ही रक्कम १५,५९,८५० रुपये होते. त्याच मजुराच्या हाताचा अंगठा समूळ गेला, तर त्याची कमाईची शक्ति शेंकडा ३० नें घटली असें कायदा मानतो. अपंगत्वासाठीं वेतनाचा शेंकडा ६० भाग धरतात, त्याप्रमाणें ५,६१,५४६ रुपये येतात. रक्कम एका महिन्याच्या आंत द्यावयाची. न दिल्यास शेंकडा १२ प्रमाणें व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. ज्या कामगारांचा राज्य विमा आहे, त्यांना हा पैसा मालकाऐवजीं विमा महामंडळाकडून मिळतो. पण तोहि हक्कच. या सगळ्या गणितांत 'कृपा' नांवाचा आंकडा कोठेंच नाहीं.

यावर सुशिक्षितांचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा कीं, 'चूक त्याचीच होती'. बारा तास आगीपुढें उभ्या असलेल्या माणसाचा हात कधीं चुकणारच नाहीं, ही अपेक्षा पंख्याखालीं बसूनच करतां येते. कायदा याहून समजूतदार आहे. साध्या हयगयीमुळें मजुराचा हक्क बुडत नाहीं. नशेंत असणें, सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडणें किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणें, एवढीच कारणें मालकाला सांगतां येतात. आणि मृत्यु अगर कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असेल, तर तींहि चालत नाहींत. दुसरा आक्षेप, 'धंदा बुडेल'. यंत्राचा दांता तुटला तर दुरुस्तीचा खर्च सळईच्या भावांत धरतात, आणि त्यानें कोणाचा धंदा बुडत नाहीं. माणसाचें बोट तुटलें कीं मात्र तो खर्च त्याच्या बायकोमुलांनीं सोसावा, हा कोठला जमाखर्च? शिवाय या जोखमीचा विमा उतरवितां येतो. तिसरा आक्षेप, 'पैशासाठीं लोक मुद्दाम बोटें तोडून घेतील'. असें म्हणणाऱ्या सद्गृहस्थांनीं स्वतःचा अंगठा कितीला द्याल, एवढें आम्हांस सांगावें.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे 'आपसांत मिटविणें'. मजूर पुष्कळदां बिहार किंवा उत्तर प्रदेशांतून आलेला असतो. कामावर ठेकेदारानें घेतलेलें, त्यामुळें मालक ठेकेदाराकडे बोट दाखवितो आणि ठेकेदार गांव सोडतो. मग दवाखान्याचें बिल भागवून, हातांत कांहीं नोटा ठेवून एका कागदावर अंगठा घेतला जातो. अंगठाच गेला असेल, तर दुसऱ्या हाताचा. वास्तविक अशा कागदाला किंमत नाहीं. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यानें रद्द ठरतो. मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातीं परभारें दिलेला पैसा, आगाऊ दिलेली थोडी रक्कम सोडल्यास, भरपाईंत धरला जात नाहीं. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरहि आहे. मजुराला वा त्याच्या वारसांना स्वतःच्या गांवींहि दावा करतां येतो. अट एवढीच कीं तो साधारणतः दोन वर्षांच्या आंत करावा. ही दोन वर्षें न्यायासाठीं दिलेलीं आहेत. तीं सरूं देण्याचें काम तो मिटवामिटवीचा कागद करतो.

आणि हा कागद लिहितो कोण? मालक स्वतः क्वचितच. तो लिहितो आमच्याच वर्गांतला कारकून, तपासतो आमच्याच वर्गांतला वकील, जखमेचें प्रमाणपत्र सौम्य करून देतो आमच्याच वर्गांतला डॉक्टर, आणि 'मदत' असा मथळा देतो आमच्याच महाविद्यालयांतून पदवी घेतलेला बातमीदार. मालकाच्या लोभाला नांवें ठेवणें सोपें आहे. पण आमच्या लेखणीवांचून तो लोभ पांगळा आहे. म्हणून कारखान्यांत न जातांहि करण्यासारखें काम आमच्यापुढें आहे. कारकुनानें असा कागद लिहूं नये. वकिलानें मजुराला मुदत सांगावी. डॉक्टरानें जखम जशी असेल तशी लिहावी. बातमीदारानें 'मदत किती दिली' याऐवजीं 'देणें किती होतें आणि पैकीं किती जमा केलें' असें विचारावें. ज्या छताखालीं आपण ही पत्रिका वाचीत बसतों, त्यांतील सळयांचे पैसे आपण चुकते केले असतील. त्या ओढतांना ज्याचा हात गेला, त्याचें देणें चुकतें झालें कीं नाहीं, हें विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तें आपलें कर्तव्यहि आहे.