पाटी नवी, काम तेच



गूगल कंपनीने २००५ साली निरोपांसाठी ‘टॉक’ आणले. २०१३ साली त्याच कामासाठी ‘हँगआउट्स’ आले. २०१६ साली ‘अलो’ आणि ‘ड्युओ’ ही जोडी आली. ‘अलो’ २०१९ मध्ये बंद पडले, ‘हँगआउट्स’ २०२२ मध्ये. त्याच साली ‘ड्युओ’ ‘मीट’मध्ये मिसळले. आता लेखी निरोपाला ‘चॅट’, बैठकीला ‘मीट’ आणि एसएमएसला ‘मेसेजेस’. कोणते कशासाठी, हे सांगताना शिकलेला माणूसही अडखळतो.

बियाण्याचे वाण बदलायला कारण असते : रोग, पाऊस, उतारा. इथे काम तेच, फक्त पाटी नवी.

‘फुकट मिळते, मग तक्रार कसली?’ असे काहीजण विचारतात. फुकट मुळीच नाही. कंपनीची मुख्य कमाई जाहिरातींची. म्हणजे तिचे खरे गिऱ्हाईक जाहिरातदार. नवे शिकायचे, माणसे पुन्हा जोडायची, जुने निरोप उतरवून घ्यायचे, ही सारी मजुरी मात्र वापरणाऱ्याची. ती कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणूनच पाटी बदलणे तिला स्वस्त पडते.

मागणी साधी आहे. सेवा कशासाठी, किती वर्षे चालणार आणि बंद झाली तर नोंदी कशा परत मिळणार, हे सुरुवातीलाच सांगा.

तोवर आपण काय करायचे? नोंदी उतरवून घेण्याची ‘टेकआउट’ ही सोय गूगलनेच २०११ पासून दिली आहे, ती वापरा. आणि तालुक्यातील कार्यकर्त्यांची नावे, गावे, फोन नंबर वहीत लिहा. जिल्हा बैठकीला येताना ती वही सोबत आणा.